कोथळ्यावरचा मुखवटा

मुळाच्या संध्याकाळी आमच्या घरी महालक्ष्म्या उतरवतात. मेहकर तालुक्यातलं आमचं गाव. इकडे त्यांना गौरी फारसं कुणी म्हणत नाही. अनुराधेला येतात, ज्येष्ठेला जेवतात, मुळाला जातात. तीन दिवस माजघरात दोन बाया उभ्या असतात. पितळी मुखवटे, नथ, बोरमाळ, काठापदराची लुगडी, डोक्यावर टांगलेला फुलोरा, पुढ्यात सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. मुळाच्या संध्याकाळी आरती झाली की मोठी आई पुढे होते आणि पहिल्या महालक्ष्मीचा मुखवटा दोन्ही हातांनी अलगद उचलते. लुगडं मात्र तसंच उभं राहतं. क्षणभर माजघरात डोकं नसलेली एक बाई असते, निऱ्या जागच्या जागी, पदर खांद्यावर. मग लुगडं सुटतं, आतून पत्र्याचा कोथळा निघतो, आणि कोथळ्यात काठोकाठ गहू.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सहा वर्षांची असेन. मी घाबरून परसात पळाले. बाईच्या आत गहू होते, हे मला कुणालाच सांगता येईना. घरातल्या मोठ्या माणसांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत गेले, गहू दळायला गेले, कोथळे माळ्यावर गेले, आणि घरातल्या बाया उरलेल्या पुरणाच्या मागे लागल्या.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून वस्तुचित्राचा सराव करून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. टेबलावर चादर, तिच्यावर पितळी कळशी, कळशीला टेकवलेलं सूप, दोन कांदे, एक वांगं. पितळेवर उजेड चमकतो तेवढी जागा कोरी सोडा, हे मी किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. त्या कळशीच्या फुगीर पोटात खिडकी, बाकं, मुलं आणि मी असा सगळा वर्ग इवलासा होऊन दिसायचा. ते प्रतिबिंब कुणी काढायचं नाही. परीक्षेत कळशी हवी असायची, कळशीत दिसणारी माणसं नव्हेत. बाया यायच्या त्या दुसऱ्या पेपरात, स्मरणचित्रात: विहिरीवर पाणी भरणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या, पाठमोऱ्या किंवा एका बाजूने, तोंडं नुसती ठिपक्याएवढी. वस्तू एका कागदावर, बाई दुसऱ्यावर. दोघींना एका चौकटीत बसवून एकमेकींकडे बघायला लावावं, असं मला सुचलंच नाही.

ते सुचलेल्या बाया जगात होत्या. निवृत्तीनंतर भाचीने फोनवर एक चित्र पुढे केलं आणि मला परसात पळालेली ती सहा वर्षांची मुलगी आठवली. शिकागोच्या पॅटी कॅरोल या छायाचित्रकार बाईचा तो फोटो होता. पडद्याच्या कापडातच नखशिखांत गुंडाळलेली एक बाई, तोंड दिसत नाही, आणि तिच्या भोवतीचं घरही त्याच कापडाचं. ‘अ‍ॅनॉनिमस विमेन’ असं त्या मालिकेचं नाव. कॅरोल लंडनला राहायला गेल्या, तिथले लोक त्यांना नवऱ्याच्या आडनावाने ‘मिसेस जोन्स’ म्हणू लागले, आणि त्या अस्वस्थतेतून ही बिनतोंडाची बाई जन्मली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी वाकून वाकून वाचलं आणि मग तांदूळ गोळा करून डब्यात भरले. त्या तांदळांचा पुढे भात झाला असणार.

कॅरोल यांच्या फोटोतली बाई त्या स्वतः असायलाच हवी असं नाही. मला ओढ लागली ती पुढच्या पायरीची. जिथे फोटो काढणारीच फोटोत बसते, घरातलीच वस्तू हातात, अंगावर, डोक्यावर घेते, आणि दोघींची अशी सांगड घालते की वस्तू कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते हे कळू नये. अतिवास्तववादी आत्मचित्र, असं त्याला समीक्षक म्हणतील. मला ते कोथळ्यावर मुखवटा बसवण्याचंच काम वाटतं. फरक इतकाच की इथे मुखवटा कोण बसवतं ते माहीत असतं.

फ्रान्समधल्या क्लोद काहून यांनी १९३२ च्या सुमारास असा एक फोटो केला. भलंमोठं लाकडी कपाट उघडं आहे आणि त्याच्या एका फळीवर काहून स्वतः अंग चोरून झोपली आहे, घडी करून ठेवलेल्या कपड्यासारखी. आमच्या जुन्या घरात भिंतीतच फडताळं असायची, खालच्या कप्प्यात आम्ही पोरी लपाछपीत शिरायचो. तो फोटो पाहिला की त्या कप्प्यातला कुबट वास येतो. अमेरिकेत फ्रान्सेस्का वुडमन नावाची विद्यार्थिनी १९७६ मध्ये एका पडक्या घरात गेली आणि भिंतीवरून सोललेल्या कागदाचे तुकडे अंगावर घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. बाई भिंतीतून बाहेर येते आहे की भिंतीत जिरते आहे, हे त्या फोटोंवरून ठरवता येत नाही. बाविसाव्या वर्षी ती गेली.

पण माझ्या मनात घर करून बसला तो व्हिएन्नाच्या बिरगिट युर्गेन्सेन यांचा १९७५ चा फोटो. त्यांनी गळ्यात एप्रनसारखी एक शेगडी घातली आहे, खरीखुरी, दार असलेली, पोटासमोर लोंबणारी. भट्टीचं दार उघडं आहे आणि आतून पाव डोकावतो आहे. एक फोटो समोरून, एक बाजूने. बाजूच्या फोटोत तर ती बाई दिवस गेलेल्या बाईसारखीच दिसते. चूल आणि मूल हे दोन शब्द आपण किती सहज जोडून म्हणतो. युर्गेन्सेन यांनी ते एकाच पत्र्याच्या पेटीत घालून स्वतःच्या गळ्यात अडकवले.

त्याच वर्षी अमेरिकेत मार्था रोझलर यांनी ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ ही सहाएक मिनिटांची चित्रफीत केली. स्वयंपाकघरात उभी राहून बाई इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने एकेक भांडं उचलते, त्याचं नाव घेते आणि ते वापरून दाखवते. पण प्रत्येक वापरात एक हिसका आहे. डाव हवेत रिता करते तो दूर भिरकावल्यासारखा, सुरी हवेत खुपसते. शेवटच्या अक्षरांना भांडी पुरत नाहीत तेव्हा हातांनीच ती अक्षरं काढते. पाहताना मी मनात आमची मुळाक्षरं लावत होते: अडकित्ता, उखळ, कोपर, गंज, चिमटा, जातं, झारा, टोपलं, डाव, तवा, पाटा, मुसळ, रवी, वरवंटा, सराटा, सूप. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: कोपर म्हणजे मोठी परात, गंज म्हणजे पातेलं, सराटा म्हणजे उलथनं. यातल्या कशाने काय काय करता येईल, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मुसळाला आंब्याची पानं बांधून लग्नघरात घाणा भरतात तेव्हा त्याला हात लावायचा मान सवाष्णींचा. विधवेने बाजूला उभं राहायचं. म्हणजे नुसतं लाकूडही बायांची वाटणी करून ठेवतं.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. महाराष्ट्रात त्याआधीच, १९७२ पासून, महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बाया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. थाळ्या वाजवत होत्या. ओट्यावरून उचललेलं लाटणं मंत्रालयाच्या दिशेने चाललं की त्याचा अर्थ बदलतो, हे त्या बायांना छायाचित्राच्या कुठल्या सिद्धान्तावाचून कळलं होतं. आणि याच १९७५ मध्ये मुंबईत स. गं. मालशे यांनी एक विसरलेलं मराठी पुस्तक शोधून पुन्हा छापलं. ते आमच्याच बुलढाण्याचं होतं.

‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका ताराबाई शिंदे, मुक्काम बुलढाणा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी त्यांनीच शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे अपिलात शिक्षा कमी झाली. त्या खटल्यावरून ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांतून समस्त स्त्रीजातीला धारेवर धरणारं लिखाण आलं. ते बुलढाण्यात बसून वाचणाऱ्या ताराबाईंनी लेखणी उचलली.

हे पुस्तक मी डी.एड.ला असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातला राग आवडला होता. आता वाचते तेव्हा त्याची रचना दिसते. पुरुषांनी बायांचं एक चित्र काढून ठेवलेलं आहे: कपटी, चंचल, मूर्ख, अविचारी. ताराबाई ते चित्र फाडत नाहीत. त्यातला एकेक दोष उचलतात आणि तोच पुरुषाच्या अंगावर घालून बघतात, नीट बसतो की नाही. बसतो, आणि जास्तच चपखल बसतो. ही भाषाही कुठल्या ग्रंथातली नव्हे. ओट्यावर, परसात, विहिरीवर बाया जशा बोलतात तशी धारदार, उदाहरणांनी भरलेली. आजवर जिचं वर्णन होत आलं ती इथे वर्णन करणारी झाली. सत्यशोधकांतल्याही काहींना हे झेपलं नाही, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. नव्वदएक वर्षं हेही विस्मरणात गेलं.

आपली बाजू आपणच मांडणाऱ्या अशा तक्रारीला छायाचित्रातही जुनं कूळ आहे. १८४० मध्ये पॅरिसच्या इपोलीत बेयार यांनी स्वतःचा फोटो काढला तो बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात. फोटोची रीत त्यांनीही शोधली होती, पण सरकारी मान आणि मानधन दागेर या दुसऱ्या शोधकाला मिळालं. बेयार उघड्या अंगाने, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसले आणि फोटोच्या पाठीमागे आपली कैफियत लिहिली. ठरवून सोंग घेतलेलं आत्मचित्र छायाचित्रकलेच्या जन्माबरोबरच जन्मलं, आणि ते न्याय मागत जन्मलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

आमच्या भागात बाईचा स्वतःचा पहिला फोटो बहुधा स्थळासाठी निघायचा. माझाही तसाच निघाला. तालुक्याच्या गावी स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि कारंजं, बाजूला प्लास्टिकच्या फुलांचा स्टँड. फोटोवाल्याने माझा एक हात स्टँडवर ठेवला, हनुवटी दोन बोटांनी वळवली, पदर सारखा करायला आईला सांगितलं आणि म्हणाला, हसू नको, हसल्यासारखं कर. जिना खोटा, फुलं खोटी, हसू खोटं. त्या फोटोवर माझं लग्न ठरलं. माझ्यापुरता तोच पहिला अतिवास्तव फोटो, फक्त मांडणी माझी नव्हती.

स्टुडिओची ही सगळी भाषा उचलून तिच्यावर मांड ठोकली ती बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी. त्या मुळात शिल्पकार. १९९६ ते ९८ मध्ये त्यांनी मुंबईत ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ ही फोटोमालिका केली: टोपी, मुखवटा, बूट घातलेली साहसी नायिका आणि तिची हरवलेली जुळी बहीण, दोन्ही त्या स्वतः. पुढे त्या दादरला जे. एच. ठक्कर यांच्या इंडिया फोटो स्टुडिओत गेल्या. ठक्करांनी एके काळी हिंदी सिनेमाच्या तारे-तारकांचे फोटो काढलेले. त्याच प्रकाशात, त्याच हाताखाली पुष्पमाला नवरस उभे करू लागल्या. क्लेअर आर्णी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये केलेल्या मालिकेत त्या राजा रविवर्म्याची लक्ष्मी झाल्या. आमच्या देवघरात ती लक्ष्मी काचेच्या चौकटीत होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या चित्रांनी देशभरच्या घरांत देवीला एक ठरावीक चेहरा दिला. पुष्पमालांच्या फोटोतली लक्ष्मी हुबेहूब तशीच आहे, कमळ, हत्ती, सोनेरी काठ. फक्त तिच्या गुडघ्यांना भार जाणवतो आहे, डोळ्यांत किंचित कंटाळा आहे. देवीला इतका वेळ उभं राहायला काय पडत असेल, हा विचार मला त्या फोटोआधी कधी शिवला नव्हता.

आणि शकुंतला कुलकर्णी. धारवाडला १९५० मध्ये जन्मलेल्या, जे. जे. आणि बडोद्याला शिकलेल्या, मुंबईत राहून काम करणाऱ्या. २०१० ते १२ या काळात, म्हणजे साठीला पोचल्यावर, त्यांनी वेताची चिलखतं विणून घेतली. आसामी कारागिरांच्या हातची वीण: छाती झाकणारी, घेरदार घागऱ्यासारखी, डोक्यावर मनोऱ्यासारखी उभी. ती अंगावर चढवून त्या मुंबईत, उघड्यावर, लोकांत गेल्या आणि तिथे त्यांचे फोटो निघाले. मालिकेच्या नावातच त्यांनी देह, चिलखत आणि पिंजरा असे तीन शब्द शेजारी ठेवले आहेत. फोटो पाहताना ते तिन्ही एकमेकांत मिसळतात. वेताच्या आत ती सुरक्षित आहे, आणि त्याच वेताच्या आत कोंडलेलीही. हात पूर्ण वर जात नाही, मान वळवायची तर सगळा डोलारा वळवावा लागतो. पण नजर थेट आहे.

त्यांच्या एका फोटोपाशी मी बराच वेळ थांबले, कारण ती वीण माझ्या ओळखीची वाटली. वेत नव्हे, आमच्याकडे बांबू. बुरडाकडून आलेली टोपली, दुरडी, सूप. शेणाने सारवलेली कणगी. माणसाएवढी उंच कणगी अंधाऱ्या खोलीत उभी असायची आणि रात्री ती बाईच वाटायची. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसला दिओर या मोठ्या पेढीच्या कपड्यांच्या प्रदर्शनात मंडपाच्या मधोमध कुलकर्णींच्या वेताच्या आकृती उभ्या होत्या. त्यांचं कौतुक झालं ते योग्यच झालं. तरी मुंबईच्या रस्त्यावर, त्यांच्या स्वतःच्या अंगावर असलेली चिलखतं मला अधिक बोलकी वाटतात, कारण तिथे वेताच्या आत श्वास चालू होता.

मुखवट्यांचं म्हणाल तर आपल्याच राज्यात, जव्हारच्या डोंगरात, २०१५ पासून एक विलक्षण काम झालं आहे. तिथल्या बोहाड्यात देव-दानवांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. कोकणा समाजातले सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे बंधू कागदाच्या लगद्याचे असे मुखवटे करतात. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी त्यांना आणि गावकऱ्यांना विनंती केली की या वेळी देवांचे नकोत, रोजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग माणसं, जनावरं आणि घरातल्या वस्तूसुद्धा मुखवटे झाल्या, आणि गावकऱ्यांनी ते घालून आपल्याच घरात, शाळेत, दवाखान्यात आपलेच प्रसंग उभे केले. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या नावाने हे फोटो २०१७ मध्ये जर्मनीच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनापर्यंत गेले. कॅमेरा गिल यांच्या हातात होता, म्हणून याला आत्मचित्र म्हणता येणार नाही. पण सोंग कुठलं घ्यायचं हे सोंग घेणाऱ्यांनी ठरवलं. माझ्या स्टुडिओतल्या फोटोवाल्याच्या दोन बोटांपासून ही केवढी तरी दूरची मजल आहे.

सोंग घ्यायला आमच्या पोरीही जानेवारीत शिकतात. तीन तारखेला सावित्रीबाई, बारा तारखेला जिजाऊ. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यात. बारा जानेवारीला तिथे लखुजी जाधवांच्या वाड्यापाशी लोटणारी गर्दी ज्याने पाहिली त्याला ती विसरता यायची नाही. त्या दिवशी शाळेत नऊवारीतल्या, चंद्रकोर लावलेल्या, लाकडी तलवार धरलेल्या पोरी मी किती सजवल्या! एकीने मला विचारलं होतं, बाई, जिजाऊ झाल्यावर शिवाजी कडेवर घ्यावाच लागतो का? धाकटा भाऊ त्या दिवशी आजारी होता, म्हणून ती विचारत होती. मी तिला म्हटलं, नको घेऊस, नुसती उभी राहा. ती नुसती उभी राहिली, दोन्ही हात मोकळे. त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे नव्हता याची हळहळ अजून आहे.

आणि एक चित्र आहे ते कुणी सजवत नाही. दिवाळी उलटली की आमच्या शिवारात कापसाची वेचणी ऐन भरात येते. वेचणारी बाई कमरेला लुगड्याची किंवा जुन्या चादरीची ओटी बांधते. बोंडातला कापूस काढून ओटीत टाकत टाकत ओळीने पुढे जाते. सकाळी सपाट असलेली ओटी दुपारपर्यंत फुगत जाते, आणि दहा वाजता रिकाम्या पोटाने आत शिरलेल्या बाया पराटीतून बाहेर पडतात त्या सगळ्या दिवस भरल्यासारख्या, पांढऱ्या पोटाच्या, दोन्ही हातांनी खालून आधार देत. गंजीवर ओटी रिकामी करतात आणि पुन्हा सपाट होऊन ओळीत शिरतात. मजुरी किलोवर. त्याच ओटीत लग्नानंतर खण-नारळ पडतो, सातव्या महिन्यात फळं पडतात. एकच शब्द, एकच जागा. युर्गेन्सेन यांची गळ्यातली शेगडी पाहिल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती ही ओटी. खामगावच्या बाजारासाठी १८७० मध्ये खास रेल्वेचा फाटा काढावा इतका कापूस या भागाने पिकवला. तो सगळा आधी कुठल्या तरी बाईच्या पोटापाशी होता.

यंदा महालक्ष्म्या उतरल्यावर मी ठरवलं की एक तरी फोटो आपण करायचा. घर तेच, कोथळे तेच. मोठी आई आता चौऱ्याऐंशीची आहे. भाचीने फोनसाठी तीन पायांचा स्टँड दिला होता आणि रीत समजावली होती: आधी रिकाम्या खोलीचा एक फोटो, मग स्टँड तसूभरही न हलवता आपला, उजेड आणि नेम आधीच पक्के करून ठेवायचे. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवून नको तेवढा भाग झाकायचा किंवा उघडायचा, म्हणजे बाई अधांतरी तरंगते, किंवा तिचं डोकं नाहीसं होतं. हे झाकण्या-उघडण्याचं जे साधन असतं त्याला तिकडेही ‘मास्क’च म्हणतात, हे कळल्यावर मला आनंद झाला.

मी दोन कोथळ्यांच्या मधे पाटावर बसले, सूप तोंडासमोर धरलं, आणि दहा सेकंदांचं बटण दाबायला उठणार तोच दारातून आवाज आला.

“काय करून राहिली वं?”

“फोटो काढते, मोठी आई. माझाच.”

“रिकामं सूप तोंडासमोर धरत नाहीत, बाई.” ती आत आली, कोथळ्यात हात घातला, पसाभर गहू काढून सुपात टाकले. “आता काहाड.”

माझा फोटो निघाला. सूप, सुपात गहू, सुपाच्या कडेला माझी दहा बोटं, आणि शेजारच्या घासलेल्या कळशीच्या पोटात इवलीशी खोली. त्या खोलीत फोनचा स्टँड आहे, मी आहे आणि माझ्यामागे कमरेवर हात ठेवून उभी मोठी आई आहे. यंदा मी ती जागा कोरी सोडली नाही.

तिला फोटो दाखवला. तिने फोन जवळ घेऊन, लांब धरून पाहिला. मग म्हणाली, “माहाही काहाड. नाही, थांब. कुठं दाबाचं ते सांग.”

मी दाखवलं. दहा सेकंद आहेत, दाबून पाटावर येऊन बसायचं, असं सांगितलं. सूप देऊ लागले तर तिने नको म्हटलं. मुखवटा घेतेस का विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. तिने बोट टेकवलं आणि वळून पाटाकडे निघाली. पहिल्या फोटोत तिची पाठ आली. दुसऱ्यातही पाठच, पाटाच्या थोडी जवळ. तिसऱ्यात ती बसते आहे, एक हात कोथळ्यावर टेकलेला, चेहरा हललेला. मी म्हटलं, मोठी आई, मी दाबते, तू बस. ती म्हणाली, “तू सर तिकडं.”

चौथ्या वेळी तिने बटण दाबलं आणि चालताना मोठ्याने मोजू लागली. पायलीने धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. ती तसंच मोजत होती, पाटाकडे जात, भिंतीला हात लावत, कोथळ्याला वळसा घालत: लाभ, दोन, तीन, चार...